दोन सळ्या बुडवल्या आणि पाणी काळं झालं

पत्र

काकू नमस्कार, तुमचं सदर मी नेहमी वाचते. आम्ही पुण्याच्या कडेला एका सोसायटीत राहतो. मागच्या रविवारी पार्किंगमध्ये एका वॉटर प्युरिफायर कंपनीची दोन मुलं फ्री वॉटर टेस्टिंगचा कॅम्प घेऊन आली होती. त्यांनी आमच्या नळाचं पाणी आणि त्यांच्या मशीनचं पाणी दोन ग्लासात घेतलं, त्यात सळ्यांचं एक यंत्र बुडवून बटण दाबलं आणि एका मिनिटात आमचं पाणी अक्षरशः गटारासारखं काळं-तपकिरी झालं, त्यांचं मात्र जवळपास तसंच राहिलं. मीटरवर आमचा टीडीएस २१० आला, तो म्हणाला ५० च्या खाली पाहिजे. सासूबाई (वय ७२) इतक्या घाबरल्या की त्यांनी स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून तिथेच ३००० ॲडव्हान्स दिला, मशीन १८५०० चं आहे. तो म्हणाला त्यांचे गुडघे पण या पाण्यामुळेच दुखतात, माझे केस पण त्यानेच गळतात, आणि सिंहगड रोडला काय झालं ते आठवा. मिस्टर म्हणतात हे सगळं फसवणूक आहे, घरात दोन दिवस बोलाचाली चालू आहे. आमच्याकडे सहा वर्षं जुना साधा यूव्ही फिल्टर आहे. मुलगा सात वर्षांचा, या पावसाळ्यात त्याला दोनदा जुलाब झाले म्हणून मला पण भीती वाटते. पावतीवर ॲडव्हान्स परत मिळणार नाही असं लिहिलंय. काय करू?

उत्तर

अगं बाळा, तू काकू म्हणालीस म्हणून मी पण तुला अगं-तुगंच करते. आधी एक सांगते, सासूबाईंना अजिबात बोलू नका, ना तू ना तुझे मिस्टर. ज्या पाण्याने आयुष्यभर स्वयंपाक केला, नातवाला पाजलं, ते पाणी डोळ्यासमोर काळं होताना बघितल्यावर कुठल्या आजीला धक्का बसणार नाही? त्यांनी पैसे नातवासाठी दिलेत, स्वतःच्या हौसेसाठी नाही, आणि ते यंत्र बनवलंय पण अशाच माणसाला घाबरवायला, भलेभले शिकलेले लोक त्याला फसतात.

आता ते काळं पाणी म्हणजे काय ते नीट समजावून सांगते, म्हणजे तुला सासूबाईंना पण सांगता येईल. त्या यंत्राला सळ्यांच्या दोन जोड्या असतात, त्यात लोखंडाच्या सळ्या असतात आणि ॲल्युमिनियमच्या असतात. बटण दाबलं की त्यातून वीज पाण्यात जाते. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे क्षार विरघळलेले असतील तर वीज वाहते आणि वीज वाहिली की लोखंडाची सळी हळूहळू झिजून पाण्यात उतरते, तिचा आधी हिरवट-काळपट आणि मग हवा लागली की तांबूस गंजासारखा साका तयार होतो, ॲल्युमिनियमचे पांढुरके तुकडे तरंगायला लागतात. म्हणजे ग्लासात जी घाण दिसली ती त्यांच्या सळीची होती ग, तुमच्या पाण्याची नाही. त्यांच्या मशीनच्या पाण्यात क्षारच जवळपास काढून टाकलेले, त्यामुळे वीज वाहतच नाही, सळी झिजत नाही, पाणी तसंच राहतं. पुन्हा ती मुलं आली तर त्यांना एवढंच म्हण की तुमच्याच मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग सळ्या बुडवा, ते पण तसंच काळं होईल. तू स्वतः मात्र असलं काही करू नकोस, घरच्या प्लगची वीज आणि पाणी एकत्र म्हणजे शॉकचा धोका, करायचं तर त्यांनाच करू दे.

टीडीएसचं पण तसंच. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, त्यात बहुतेक क्षारच असतात, आणि तो छोटा पेनासारखा मीटर खरं तर ते मोजतच नाही, तो पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि त्यावरून हिशोब लावून आकडा दाखवतो. जंतू किती आहेत, पेस्टिसाईड आहे का, शिसं आहे का, हे त्याला कळत नाही. गटाराचा थेंबभर पाझर तुमच्या पाण्यात मिसळला तरी मीटरवरचा आकडा जवळपास तोच राहील, आणि जुलाब झाल्यावर आपण मुलांना जे ओआरएस देतो त्यात मीटर बुडवला तर तो काय दाखवेल विचार कर, १ लिटरच्या पाकिटात साखर सोडून नुसते क्षारच ७ ग्रॅम असतात, म्हणजे ७००० मिलिग्रॅम, आणि ते औषध आहे!

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं जे मानक आहे, भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०५००, २०१२ सालचं, त्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय आणि दुसरा काही स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलाय. ५० च्या खाली पाहिजे असं त्यात कुठेही नाही. तुमचा २१० आहे. पवना-खडकवासल्याचं धरणाचं पाणी तर याहून बरंच हलकं असतं, त्यामुळे मला वाटतं तुमच्या टाकीत कॉर्पोरेशनच्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळत असणार, ते सेक्रेटरींना विचार.

त्यांचं मशीन आरओचं असणार, म्हणजे दाबाने पाणी बारीक चाळणीतून ढकलून क्षार काढणारं. आरओ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही बरं का. ती पद्धत मुळात खारं पाणी गोडं करायला शोधली गेली, अमेरिकेत १९६० च्या सुमारास लोएब आणि आपले सौरिराजन या दोघांनी त्याची चाळणी म्हणजे मेम्ब्रेन बनवली, आणि जिथे पाणी खरंच खारं आहे तिथे तिची गरज आहेच. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा घे, तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, काही जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त, तिथल्या बाईने मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं घे बाई आरओ. पण २१० च्या पाण्याला आरओ लावायचं म्हणजे मेम्ब्रेन चांगले क्षार पण काढून टाकणार आणि साध्या घरगुती मशीनमध्ये १ लिटर पाणी मिळवायला साधारण ३ लिटर पाणी मोरीत जाणार. दिवसाला १५ लिटर प्यायला-स्वयंपाकाला धरलं तर ४५ लिटर रोज, महिन्याला १३५० लिटर, आणि उन्हाळ्यात तुमची सोसायटी टँकर मागवत असेल तर ते पैसे देऊन घेतलेलं पाणी. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने केंद्र सरकारला निर्देश दिले होते की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, ते याच कारणासाठी. फार कमी क्षारांचं पाणी कायम पिण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या पुस्तकातही काळजी व्यक्त केलीय.

गुडघ्याचं आणि केसांचं थोडक्यात सांगते. पाण्यातला कॅल्शियम जाऊन गुडघ्यात दगडासारखा बसत नाही, ७२ व्या वर्षी गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा सांध्यातली कुर्चा झिजल्यामुळे, त्यासाठी हाडांच्या डॉक्टरला दाखवा आणि १८५०० त्यांच्या उपचाराला ठेवा. आणि केस तू आंघोळीच्या पाण्याने धुतेस, मशीन लागणार स्वयंपाकघरात, मग ते केसांना काय करणार?

पण सिंहगड रोडचं नाव घेऊन त्याने जे घाबरवलं त्याचा मला खरंच राग आला. २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, पेशंट निघाले, घराघरात भीती होती, आणि तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू सापडला. जीवाणू! टीडीएस नाही. त्या भागातले पाणी विकणारे काही खाजगी आरओ प्लांटसुद्धा तेव्हा पालिकेने सील केले होते, म्हणजे नुसतं आरओ असं लिहिलं की पाणी सुरक्षित झालं असं होत नाही, पुढे ते कुठल्या टाकीत भरलं, कुठल्या जारमध्ये ओतलं, क्लोरीन होता का, यावर सगळं ठरतं.

म्हणून तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे मुलाला पावसाळ्यात दोनदा झालेले जुलाब. तू ते शेवटी जाता जाता लिहिलंस. जुलाब बाहेरच्या खाण्याने, शाळेतल्या पाण्याने, हात न धुण्याने, कशानेही होऊ शकतात, पण घरचं पाणी त्यातून वगळायचं असेल तर ते तपासायलाच हवं, आणि तपासायचं म्हणजे जंतूंसाठी.

आमच्याच बिल्डिंगमध्ये काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात चार घरांत कावीळ झाली होती. पाणी काचेसारखं स्वच्छ, वास नाही, चव नाही, कोणीतरी टीडीएस पण मोजला होता, शंभरच्या आत. शेवटी प्लंबरने खालची टाकी रिकामी केली तर ड्रेनेजच्या चेंबरच्या बाजूच्या भिंतीला तडा गेलेला, टाकी अर्धी झाली की पलीकडचं झिरपून आत यायचं. त्या चारांपैकी एक मुलगी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती, दवाखान्यात फार वाईट दिवस काढले तिने, ते मी जवळून बघितलंय त्यामुळे टाकी या विषयावर मी जरा जास्तच बोलते, बोलू दे.

पाण्यात जंतू शिरतात ते बहुतेक वेळा धरणात नाही, वाटेत. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही, सकाळी दोन तास आलं की बंद. पाणी बंद झालं की पाईपातला दाब जातो आणि जिथे पाईपाला चीर आहे तिथून बाहेरचं पाणी, शेजारून गटार जात असेल तर गटाराचं, आत ओढलं जातं, दुसऱ्या दिवशी पाणी आलं की ते सगळं पहिल्या लोटाबरोबर टाकीत. त्यानंतर टाकी, त्यानंतर वरची टाकी, त्यानंतर तुझा फिल्टर, आणि त्यानंतर ज्या भांड्यात साठवतेस ते भांडं. पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असेल तर तो वाटेतले जंतू मारत राहतो, मानकात शेवटच्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे असं आहे. गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून झाल्यावर ओटी टेस्ट करतो बघ, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं म्हणजे क्लोरीन आहे. तशीच तपासणी तुमच्या सोसायटीच्या नळावर पण होऊ शकते, वॉर्ड ऑफिसच्या पाणीपुरवठा विभागात किंवा आरोग्य निरीक्षकाला सांगा, लेखी अर्ज द्या, एकटीच्या नावाने नाही, सोसायटीच्या लेटरहेडवर.

मग लॅब. महापालिकेची लॅब आहे का विचार, नाहीतर जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, पुण्यात राज्याची आरोग्य प्रयोगशाळाच आहे, किंवा मान्यताप्राप्त खाजगी लॅब. दोन गोष्टी लक्षात ठेव. जंतूंच्या तपासणीला बाटली लॅबकडूनच घ्यायची, ती निर्जंतुक केलेली असते आणि त्यात क्लोरीन मारायचं औषध घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही, झाकण आतून हाताळायचं नाही, आणि भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची, उद्यावर टाकलं तर रिपोर्टला अर्थ राहत नाही. आणि दुसरं, एक नमुना नको, दोन घे. एक कॉर्पोरेशनचं पाणी टाकीत पडायच्या आधी जो नळ असेल तिथला आणि एक तुझ्या स्वयंपाकघराच्या नळाचा, फिल्टरच्या आधीचा. दोन्ही एकाच सकाळी. पहिला चांगला आणि दुसरा खराब आला तर दोष तुमच्या टाकीत किंवा आतल्या पाईपात आहे, दोन्ही खराब आले तर लाईनमध्ये आहे आणि मग कॉर्पोरेशनच्या मागे लागायचं. रिपोर्टमध्ये ई कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जीवाणू, ही ओळ शोध, १०० मिली पाण्यात एकही सापडता कामा नये. त्याबरोबर बोअर मिसळत असेल तर नायट्रेट पण तपासून घे, लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, ते उकळून जात नाही.

लॅबला वेळ लागणार असेल तर एच टू एस ची छोटी बाटली मिळते, १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या लोकांनी ही पद्धत काढली, स्वस्त आहे आणि आरोग्य खात्याची माणसं गावोगाव वापरतात. तिच्यात पाणी खुणेपर्यंत भरायचं आणि घरातच उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं, विष्ठेतून येणारे जंतू असतील तर पाणी काळं पडतं. हे काळं पडणं मात्र सासूबाईंना दाखवण्यासारखं आहे, कारण ते पाण्यातल्या जंतूंमुळे पडतं. पण तिच्यावर शेवटचा निकाल लावू नकोस, शंका आली की लॅब.

रिपोर्ट येईपर्यंत मुलाचं आणि सासूबाईंचं पाणी गाळून उकळ, चांगली खळखळून उकळी फुटली की पुढे एक मिनिट पुरे, उगाच वीस मिनिटं गॅस जाळू नकोस, आणि त्याच भांड्यात झाकून गार होऊ दे. माठात किंवा पिंपात ओतत असशील तर तो आतून घासून धू आणि पाणी ओगराळ्यानेच काढायचं, ग्लास हातासकट आत बुडवायचा नाही, घरातली मुलं हेच करतात आणि सगळी मेहनत तिथे वाया जाते.

तुझा यूव्ही फिल्टर टाकून देऊ नकोस, पण सहा वर्षांत त्याची ट्यूब किती वेळा बदलली ते मला सांग. ती ट्यूब निळी पेटलेली दिसते म्हणून आपल्याला वाटतं चालू आहे, पण जंतू मारायची ताकद वापरून वापरून कमी होत जाते आणि ते डोळ्याला दिसत नाही. कँडल गाळाने भरली असेल आणि पाणी गढूळ जात असेल तर प्रकाश पाण्यात नीट पोचतच नाही, जंतू गाळाच्या कणामागे लपतात. ट्यूब, कँडल आणि कार्बन बदलून घे, बदलल्याची तारीख फिल्टरवर पेनने लिहून ठेव. धरणाच्या पाण्याला नीट राखलेला यूव्ही पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैसे. मशीन अजून बसवलं नसेल तर बसवू देऊ नका, माणूस दारात आला तरी. आजच्या आज कंपनीला ईमेल आणि त्या मुलाच्या नंबरवर व्हॉट्सॲप कर, भाषा साधी ठेव, की अमुक तारखेला तुमच्या प्रतिनिधींनी सळ्यांचं यंत्र पाण्यात बुडवून आमचं पाणी पिण्यालायक नाही असं सांगितलं, टीडीएस ५० च्या खाली हवा असं सांगितलं, गुडघेदुखी आणि केस गळणं याला पाणी कारण आहे असं सांगितलं, हे सगळं दिशाभूल करणारं आहे म्हणून आम्ही ऑर्डर रद्द करतोय, ३००० रुपये सात दिवसांत परत करा. पावतीचा फोटो जोड. सोसायटीत कोणी त्या कॅम्पचा व्हिडिओ काढला असेल तर तो मागून घे, कोणीतरी काढलेला असतोच.

पावतीवर परत मिळणार नाही असं छापलंय म्हणून घाबरू नकोस. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये कलम २ च्या ४७ व्या व्याख्येत अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय ते दिलंय आणि त्यात वस्तूची गरज किंवा उपयोग याबद्दल खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. सळीची घाण पाण्याची म्हणून दाखवणं यात बसतं असं मला वाटतं. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन कर, तक्रार नंबर घे, बरेचदा कंपन्या तिथेच नरम येतात. नाही आल्या तर जिल्हा ग्राहक आयोग, तक्रार ऑनलाईन ई-जागृतीवर करता येते, तू राहतेस त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. ३००० साठी कोण एवढं करणार असं मिस्टर म्हणतील, पण तुमच्या सोसायटीत त्या दिवशी अजून कितीजणांनी पैसे दिले? सगळ्यांची नावं एका पत्रावर आली तर कंपनीला ते टाळता येत नाही. ज्यांनी मशीन बसवून घेतलंय त्यांना मात्र चिडवायला जाऊ नका, त्यांना एवढंच सांगा की वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात वापरा.

सेक्रेटरींना टाकी शेवटची कधी धुतली ते विचार आणि सासूबाईंना बरोबर घेऊन जा, खरंच. त्यांना पाण्याची काळजी आहे आणि सोसायटीत एका ७२ वर्षांच्या आजीने मीटिंगमध्ये उठून खालची टाकी ड्रेनेजच्या चेंबरपासून किती लांब आहे, झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाईपला जाळी आहे का असं विचारलं तर तिला कोणी गप्प बसवत नाही.

मुलाला पुन्हा जुलाब झाले, लघवी कमी झाली किंवा तो मलूल पडला तर पाण्याच्या रिपोर्टची वाट न बघता सरळ डॉक्टरकडे ने, तोपर्यंत ओआरएस चालू ठेव. आणि दोन्ही रिपोर्ट आले की मला फोटो पाठव, टाकीच्या आधीचा कुठला आणि नळाचा कुठला ते वर लिहून, आणि ट्यूब कधी बदलली होती ते पण.

तुझी काकू